गोल फिरवू की वर ओढू?

डोंबिवलीत तानपुरा उभा राहू शकत नाही. घर वन आरके असो की टू बीएचके, माणसं, गाद्या, कपाट, फ्रीज आणि मुलाची सायकल यांची वाटणी झाल्यावर खाली भला थोरला भोपळा असलेल्या वाद्याला एकच जागा उरते. कपाटावर, आडवा, गवसणीत, शेजारी गणपतीचं मखर. तरीही हे गाणाऱ्यांचं गाव आहे. संध्याकाळी भाजी घेऊन कुठल्याही गल्लीतून चाला, एका खिडकीतून यमन येतो, दुसरीतून कुकरची शिटी, आणि तिसरीतून ‘अगं, सा कुठे लावलायस!’ अशी हाक.

ही जागेची अडचण बंगळूरच्या माणसाने सोडवली. जी. राज नारायण हे पेशाने इंजिनिअर आणि आवडीने बासरीवादक. त्यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि त्यांच्या रॅडेल कंपनीचे डबे बघता बघता आपल्याकडच्या गाण्याच्या क्लासांत सतरंजीवर येऊन बसले. डब्यावर मोजकी बटणं: स्वर, बारीक स्वर, लय, आवाज. आमच्या इमारतीत गाणं शिकवणाऱ्या बाई डोळे मिटून, आलाप चालू असताना, डावा हात नुसता मागे न्यायच्या आणि नेमकं लयीचं बटण चिमटीत धरायच्या. चार बटणांतलं लयीचं कुठलं हे त्यांना बघावं लागत नसे. बटणावर तेलाचा हात इतक्या वर्षांचा होता की त्यावर काय छापलंय हे कंपनीलाही ओळखता आलं नसतं.

पुढे फोन आला आणि डबाही कपाटावर गेला. आता तानपुरा, तबला, पेटी सगळं एका काचेत आहे. जुन्या रेडिओचा कान पिळता यायचा. काचेला कानच नाही. त्यामुळे जगभरातली हुशार मुलं रात्र रात्र जागून काचेवर कानाचं चित्र काढत बसली आहेत, आणि त्यातला एक माझा भाचा आहे.

भाचा ठाण्याला सॉफ्टवेअरची नोकरी करतो. रात्री घरी आल्यावर जेवण, आईचं बोलणं आणि मग स्वतःचं तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर, असा त्याचा क्रम. त्याने पहिलं काय केलं असेल, तर स्वराचं बटण काढलं. पितळी. पितळेवर डावीकडून वरून उजेड पडलेला, उजवीकडे खाली सावली, कडेला बारीक दाते, मधे गोल गोल घासल्याच्या रेषा. नॉबमॅन नावाचं एक जपानी सॉफ्टवेअर आहे. त्यात बटण एकदा रंगवलं की ते थोडं थोडं फिरवून त्याची चित्रं एकाखाली एक लावलेली लांब पट्टी काढून देतं. भाच्याने १२८ चित्रांची पट्टी काढली. पडद्यावर बटण फिरतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती पट्टी खिडकीमागून वरखाली सरकत असते. मी विचारलं, “आवाज कसा आहे?” तो म्हणाला, “मामा, आवाज अजून घालायचाय.”

या धंद्याची हीच रीत आहे असं मला नंतर कळलं. त्याने मला संगीताची इतर सॉफ्टवेअर दाखवली. एकाच्या दोन्ही बाजूंना शिसवी लाकडाच्या फळ्या. दुसऱ्याच्या पत्र्यावर मुद्दाम काढलेले ओरखडे आणि एका कोपऱ्यात गंज. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू. हे स्क्रू कुठे जातात? काचेच्या मागे काय घट्ट बसवलंय त्यांनी? लॅपटॉप उघडून आतली चित्रं पडू नयेत म्हणून ही काळजी असावी. भाच्याच्या तानपुऱ्यालाही चार स्क्रू होते आणि चारांच्या खाचा वेगवेगळ्या दिशांना होत्या, कारण सगळ्या एका दिशेला असल्या तर ‘खोटं वाटतं’.

चाचणीसाठी समोरच्या बिऱ्हाडातले काका आले. काका म्हणजे एमआयडीसीतल्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवलेला टर्नर. निवृत्तीनंतर भजन शिकतात. फिरणारी वस्तू आणि माणूस यांचं नातं त्यांच्याइतकं आमच्या इमारतीत कोणाला ठाऊक नाही. त्यांनी माउस धरला, पितळी बटणावर नेला आणि बटणासारखं बटण समोर आल्यावर जे कोणीही करेल तेच केलं: गोल फिरवलं. आकडा चाळीसवरून साठवर चढला, परत चाळीसवर आला, वीसवर उतरला आणि शेवटी पुन्हा चाळीसवर येऊन थांबला. काकांनी आणखी एक पूर्ण फेरा दिला. पुन्हा चाळीस.

“घसरतंय रे,” काका म्हणाले. “आतला ग्रब स्क्रू ढिला झालाय.”

“काका, ते गोल फिरवायचं नाहीये. धरून वर ओढायचं. वर ओढलं की वाढतं, खाली ओढलं की कमी होतं.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मग गोल काढलंस कशाला?”

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं जे वाद चालू आहेत ते सगळे या एका प्रश्नात येतात, आणि भाच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. तसं ते कोणाकडेच नाही. पडद्यावरच्या गोल बटणाचे तीन पंथ आहेत. पहिल्यात बटण खरोखर गोल फिरवायचं, म्हणजे माउसची खूण जिथे न्याल तिथे बटणाची खूण तोंड करते. दुसऱ्यातही गोलच फिरवायचं, पण कुठेही धरलंत तरी बटण असेल तिथूनच पुढे सरकतं, उडी मारत नाही. तिसऱ्यात सरळ वर-खाली ओढायचं. स्टाइनबर्ग कंपनीच्या क्युबेसमध्ये तर या तिन्हींतला कोणता पंथ तुमचा, हे सेटिंगमध्ये निवडावं लागतं. निवडणारा निवडेल, पण बटणाच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. तिघांचं रूप सारखं. आपण कुठल्या पंथाच्या दारात उभे आहोत हे चूक झाल्यावरच समजतं.

तरी मी या बाबतीत वर ओढणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि का ते सांगतो. माउसने गोल काढून बघा. मनगट टेबलावर टेकलेलं असताना नीट वर्तुळ निघत नाही, निघतो तो बटाटा. शिवाय पडद्यावरचं बटण लहान, समजा ४० ठिपके रुंद. त्याचा घेर सव्वाशे ठिपके. त्यातही बटण पूर्ण फिरत नाही, घड्याळातल्या सातपासून पाचपर्यंतच फिरतं. म्हणजे सगळा कारभार शंभरएक ठिपक्यांत. तेच वर ओढायचं ठरवलं तर पडद्याची सगळी उंची मोकळी आहे. दोनशे घ्या, चारशे घ्या. ओढताना खूण लपवून ठेवली तर ती पडद्याच्या कडेला आपटतही नाही, माउस टेबलावर संपेपर्यंत ओढत राहा. खरं म्हणजे ते बटण नसतंच. ती घडी घालून ठेवलेली सरकपट्टी असते, धरली की उलगडते. डोंबिवलीकराला घडीच्या वस्तूंचं महत्त्व मी काय सांगावं.

गोलवाल्यांचीही एक खुबी आहे, ती न सांगणं अन्याय होईल. बटण धरून माउस मधल्या बिंदूपासून लांब नेला की तेवढाच फेरा मोठ्या वर्तुळावर होतो आणि बटण बारीक बारीक हलतं. भाच्याने बटण तात्पुरतं गोल फिरणारं करून हे काकांना दाखवताच ते खूश झाले. “लांब पाना घेतला की हात हलका पडतो, तसं.” त्यांनी माउस इतका लांब नेला की खूण तानपुऱ्याच्या खिडकीबाहेर, मागे उघड्या असलेल्या वीजबिलावर जाऊन फिरू लागली. तिथून ते सुरेख सूर लावत होते.

पहिल्या पंथाचा एक धोका मात्र भीषण आहे. पाचावरून पुढे, तळातल्या रिकाम्या जागेतून, हात नकळत सातावर गेला की बटण थेट कमालवरून शून्यावर उडी मारतं. उलट गेला तर शून्यावरून कमाल. खऱ्या बटणाला तिथे लोखंडी अडसर असतो, चित्रातल्या बटणाला तो आठवणीने लिहावा लागतो. भाचा लिहायला विसरला होता. रात्री साडेअकराला आमच्या मजल्यावर खर्जाचा सा असा काही घुमला की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नाव न घेता एक सूचना लागली.

हे सगळं बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी रूपाकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, “माझा सूर काळी चारच्या किंचित खाली आहे. लाव.”

काळी चारच्या किंचित खाली! भाच्याच्या यादीत ‘जी शार्प’ होतं. काळी चार म्हणजे तेच, हे त्याला समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे गाणारा माणूस पट्टीचं नाव पेटीच्या रंगावरून सांगतो, काळी एक, पांढरी चार. ते शिकायला त्याला इंग्रजी बाराखडी लागत नाही. जुन्या रेडिओच्या काचेवर आकड्यांशेजारी मुंबई, दिल्ली, सिलोन अशी गावांची नावं छापलेली असत, कारण ऐकणाऱ्याला जायचं असतं ते गावाला, मीटरला नव्हे. पण नावापेक्षा मोठी पंचाईत त्या ‘किंचित’ची होती.

गणित असं. एका सप्तकाचे १२०० भाग करतात. त्या भागाला सेंट म्हणतात आणि हे माप एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने चालू केलं. भाच्याचं स्वराचं बटण सप्तकभर ओढायला पडद्यावर २०० ठिपके होते. म्हणजे माउस एक ठिपका हलला की सूर सहा सेंट हलतो. सहा म्हणजे काहीच नाही असं भाच्याला वाटलं. आता पुरुषाचा काळी एकचा सा घ्या, सेकंदाला साधारण १३८ कंपनं. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारांपैकी एक तिथे आहे आणि दुसरी सहा सेंटांनी सरकली, तर दोघींत जवळपास अर्ध्या कंपनाचा फरक पडतो. म्हणजे दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगतो आणि एकदा बसतो. व्वांव... व्वांव... असा. गाणाऱ्याच्या कानाला हा फरक दाताखाली आलेल्या खड्यासारखा. आणि माउस याहून बारीक हलूच शकत नाही, कारण अर्धा ठिपका नावाची जागा पडद्यावर त्याला माहीत नाही. बाईंनी दोन-तीनदा ओढून पाहिलं. एकदा सूर वर, एकदा खाली, त्यांचा तो मधे कुठेतरी, ठिपक्यांच्या फटीत.

बाई उठल्या. कपाटाजवळ स्टूल लावलं, मखर बाजूला केलं आणि तानपुरा खाली घेतला. मिरजेचा.

मिरजेत तानपुरे घडवण्याचा धंदा सुरू झाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. तिथलं शिकलगार घराणं मूळचं तलवारी आणि हत्यारांना धार लावणारं. लढाया संपल्या, तलवारी म्यानात गंजल्या, आणि त्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत आणि पुढे घडणीत हात घातला. धार काढणारा हात जवारी, म्हणजे तारेचा झंकार खुलवणारी घोडीची घडण, काढायला लागला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले ते उगाच नव्हे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला त्या दिवशी कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तानपुऱ्याला प्रत्येक तारेला दोन जागी पिळता येतं. वर खुंटी. ती मोठी, लाकडी, मुठीत मावेल अशी. तिने तार ढोबळ मानाने सुरात आणायची. घसरू नये म्हणून तिला खडू लावतात. आणि खाली, घोडीच्या पलीकडे, तारेत ओवलेला मणी. तो बोटाने केसभर सरकवला की तार केसभर चढते किंवा उतरते. शिवाय घोडीवर तारेखाली सुताचा धागा, तो पुढेमागे केला की सूर तोच राहून त्याचा रंग खुलतो. तीन कामं, तीन जागा, तिन्हींचा हाताला वेगळा स्पर्श. मण्याच्या जागी खुंटी समजून कोणी पिळत बसलाय असं आजवर झालेलं नाही.

काका वाकून मण्याकडे बघत होते. “हे मायक्रोमीटरसारखं आहे,” ते म्हणाले. “एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर, गोलावर पन्नास भाग, म्हणजे एका भागाला शंभरावा हिस्सा. आणि शेवटी रॅचेट. जास्त आवळलंस की कट् कट् वाजतो पण पुढे जात नाही.” मग भाच्याकडे वळून, “तुझ्याकडे बारीक फेऱ्याला काय आहे?”

भाच्याकडे होतं! शिफ्ट दाबून ओढलं की बटण दहापट हळू सरकत होतं. ही सोय पुष्कळ सॉफ्टवेअरांत असते. कुठे शिफ्ट, कुठे कंट्रोल. कुठे दोनदा टिचकी मारली की बटण मूळपदावर येतं, कुठे आल्ट धरून एकदा. फक्त हे कुठेही लिहिलेलं नसतं. पितळेवर घासल्याच्या रेषा काढायला ज्यांना वेळ मिळतो, त्यांना ‘शिफ्ट दाबा’ एवढे दोन शब्द लिहायला जागा मिळत नाही, कारण त्याने म्हणे दिसणं बिघडतं.

सुराच्या नेमक्या जागेसाठी आपल्याकडे पूर्वीही लोक रात्र रात्र जागले आहेत. कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी बावीस श्रुतींच्या नेमक्या जागा मोजून १९१० मध्ये पुस्तक काढलं. पडताळणीला खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस साहेब जोडीला आले आणि या श्रुती वाजवणारी खास पेटीही घडवली गेली. श्रुती बरोबर की चूक यावर विद्वान भांडले, भांडोत. घराघरांत ती पेटी पोचली नाही एवढं खरं. सप्तकात जितके स्वर वाढवाल तितक्या पट्ट्या वाढतात आणि वाजवणाऱ्याची बोटं मात्र दहाच राहतात. सरकारी नोकरीतून सुटल्यावर माणसाने काय करावं याचा आदर्श म्हणून मी देवलांचं नाव नेहमी घेतो. इतर लोक नुसते बागेत जाऊन बसतात.

सुरानंतर आवाज. तो लहान-मोठा करण्याची पट्टी हे सगळ्यांत सोपं काम, असं भाच्याला वाटत होतं. शून्य ते शंभर, त्यात काय. पण कान सरकारी मोजपट्टीने ऐकत नाही. लहरीची उंची निम्म्यावर आणली तर आवाज फक्त सहा डेसिबलने उतरतो, आणि कानाला ‘निम्मा झाला’ असं वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावं लागतं. म्हणजे सरळ गणिताची पट्टी शंभरावरून पन्नासवर आणली तरी घरातल्यांना काही फरक पडत नाही आणि ‘हळू कर’ची हाक चालूच राहते. दहावर आणली तेव्हा कुठे आवाज पावपट वाटतो. आणि उरलेल्या दहात पावपटापासून पूर्ण शांततेपर्यंतचा सगळा प्रवास कोंबलेला. रात्री हेडफोन लावून हळू ऐकणाऱ्याचं सारं आयुष्य त्या शेवटच्या दहा ठिपक्यांत जातं.

हे जुन्या लोकांना माहीत होतं. लॅमिंग्टन रोडला आवाजाचं बटण घ्यायला गेलात तर जाणता दुकानदार आधी विचारतो: लॉग पाहिजे की लिनिअर? आवाजाला लॉग लागतं. म्हणजे आतली पट्टीच अशी घडवलेली की हात सारखा फिरला की कानालाही सारखं वाढल्यासारखं वाटावं. सूर-पट्टीचं तेच. माणसाच्या कानाची पोच २० ते २०,००० कंपनं. ती सरळ मोजून मांडली तर गाणाऱ्याच्या गळ्याचे मूळ स्वर, तबला, पेटीचे बहुतेक सूर सगळे पहिल्या पाच टक्क्यांत दाटीने उभे आणि उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांत झांजांची किणकिण आणि सिसकारा. सकाळी आठची अख्खी डोंबिवली लोकल एका डब्यात आणि त्याला जोडलेले एकोणीस रिकामे डबे, अशा अवस्थेत कोणी गाडी सोडेल का? पण असली सॉफ्टवेअर सोडतात.

पट्ट्यांचा खरा दर्दी बघायचा तर मंडळाचा साऊंडवाला बघावा. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा ज्या गावाने इतर गावांना शिकवली, त्या गावात साऊंडवाल्याला रिकामा दिवस नाही. मिक्सरवरची बटणं गोल होती, त्यांच्या जागी सरकपट्ट्या आणण्याचं श्रेय अमेरिकेच्या अटलांटिक रेकॉर्ड्समधले इंजिनिअर टॉम डाउड यांना दिलं जातं. गोष्ट १९५० च्या दशकातली. गोल बटण एका हाताने एकच फिरतं. पट्ट्या मात्र दहा बोटांनी दहा हलवता येतात, आणि कोण वर, कोण खाली हे लांबूनही एका नजरेत दिसतं. आमच्या साऊंडवाल्याने त्यावर स्वतःची भर घातली आहे. पट्ट्यांखाली पांढरी चिकटपट्टी लावून तो पेनाने लिहितो: बाई, पेटी, तबला १, तबला २, निवेदक, साहेब. ‘साहेब’ ही पट्टी कायम तळाला. समारंभाच्या अध्यक्षांनी माइकवर फुंकर मारून ‘हॅलो हॅलो’ केल्यावरच ती वर जाते आणि विसाव्या मिनिटापासून आपोआप, म्हणजे साऊंडवाल्याच्या करंगळीने, केसाकेसाने खाली येऊ लागते. साहेबांना वाटतं सभागृह भारावून शांत झालंय.

आता नाट्यगृहात डिजिटल मिक्सर आले आणि साऊंडवाला टॅबलेट घेऊन खुर्च्यांमधून हिंडतो. सोय मोठीच. बाल्कनीत काय ऐकू येतं ते बाल्कनीत बसून लावता येतं. पण तो अंगठ्याने पट्टी धरतो तेव्हा पट्टीचा आकडा अंगठ्याखाली झाकला जातो, आणि अंगठा उचलताना पट्टी जाता जाता एक हिसका खाते. शिवाय काचेवर बघितल्याशिवाय काही धरता येत नाही. पूर्वी त्याची नजर रंगमंचावर आणि हात मिक्सरवर असायचा, आता नाटकभर तो मांडीकडे बघत असतो. बोटाने दाबायच्या गोष्टीला किमान ४४ बाय ४४ पॉइंट जागा द्या असं ॲपलने आपल्या नियमावलीत लिहून ठेवलंय, पण पडद्यावर बत्तीस पट्ट्या बसवायच्या म्हटल्यावर नियमावली आणि डोंबिवलीचा विकास आराखडा यांची अवस्था एकच होते.

नियम लिहिणारे तरी कुठे पाळतात? १९९९ मध्ये ॲपलनेच क्विकटाइम ४ काढलं. चकचकीत धातूची पेटी आणि आवाजासाठी कडेला खिशातल्या ट्रान्झिस्टरला असतं तसं दातेरी चाक, अर्धं आत अर्धं बाहेर. खऱ्या ट्रान्झिस्टरचं चाक अंगठ्याने भराभर फिरतं. हे माउसने खरवडायचं होतं: धर, ओढ, सोड, परत धर, ओढ, सोड. वाईट रचनांची उदाहरणं गोळा करणाऱ्यांना ते चाक इतकं आवडलं की ते अजून आठवणीने सांगतात. अंगठ्यासाठी केलेली वस्तू माउसला दिली, एवढाच गुन्हा, पण केवढ्या थाटात केला होता!

मी स्वतः भाच्याचं सॉफ्टवेअर फोनवर घेऊन लोकलमध्ये वापरून पाहतो. खरी परीक्षा तिथेच. एक हात वरच्या कडीत, दुसऱ्या आख्ख्या हातातला फक्त अंगठा मोकळा, पाठीवर कोणाची तरी सॅक आणि दिवा स्टेशनला चढणाऱ्यांचा रेटा. अशा वेळी यादी वर सरकवायला गेलो की अंगठा वाटेत बटणावर टेकतो, आणि यादी जागच्या जागी राहून सूर काळी एकवरून थेट पांढरी सहावर जातो. बटणाने थोडं थांबायला नको का? अंगठा रस्त्याने चाललाय की घरी आलाय, एवढं तरी ओळखावं. भाच्याने नंतर तशी सोय केली: बटणावर बोट क्षणभर ठरलं तरच ते हलतं. त्याच डब्यात पलीकडे भजनी मंडळ बसलेलं असतं. त्यांना बटण लागत नाही. एक बुवा घसा खाकरतात, गाडीच्या भोंग्याच्या आसपास कुठेतरी सा पकडतात, आणि ठाणे येईपर्यंत सगळा डबा त्याच सुरात असतो. ज्याला लागत नाही तो टाळ वाजवतो.

परवा भाच्याने नवी आवृत्ती दिली. पितळ गेलं. साधं सपाट वर्तुळ, त्यावर एक रेघ. बोट ठेवलं की शेजारी वर-खाली असे दोन बाण उगवतात आणि आकडा बोटाच्या वर, दिसेल असा येतो. शेजारी छोटा मणी, तो फक्त सेंट हलवतो, तोही दशांशाने. आकड्यावर टिचकी मारली की सरळ टाइपही करता येतो. पट्टीचं नाव ‘काळी ४’, आणि खाली ‘किंचित खाली’ असा पर्यायच देऊन टाकलाय. बाईंनी तो एकदा लावला, डोळे मिटले आणि क्लास संपेपर्यंत फोनकडे पाहिलं नाही. तानपुरा परत कपाटावर गेला, मखराच्या आधाराने.

काकांना मात्र ही आवृत्ती पसंत नाही. बटण चांगलं चालतं, तक्रार नाही, वर ओढायचंय हे कळतं, बारीक फेराही आहे. पण भाच्याने पितळेबरोबर चार कोपऱ्यांतले चार स्क्रूही काढून टाकले. काका रोज संध्याकाळी येतात, भजनाचा सूर लावतात आणि जाताना दारात थांबून सांगतात, “बाकी सगळं ठीक आहे रे. पण ते एवढे स्क्रू लावून घे. उगाच वाजताना हलतं.”